हाताचा गुण

उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलाय. कापूस वेचणाऱ्या बाया, ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीवरून परतलेले गडी... जांब समर्थच्या पंचक्रोशीतली सायटिका या अंगठ्याखालून गेली. आता दाबायचं काम माझ्याकडे शिकणाऱ्या पोरीचं. तिचा मला हेवा वाटतो. ‘तुमच्या हाताला गुण आहे’ हे ऐकायची चटक लागली होती.

एक कोडं मात्र पिच्छा सोडत नाही. कुल्ल्यातून पोटरीत चमक उतरते, तेव्हा नस अडकलीय कुठं? मणक्याशी, की कुल्ल्यात पिरिफॉर्मिस स्नायूखाली? तिथं अंगठा रोवला की माणूस कळवळतो. पण मणक्यातली चकती सरकलेलाही तस्साच कळवळतो! मुळाशी चिडलेली नस वाटेत कुठंही दाबा, ठणकणारच. मग अंगठा सांगतो काय?

परवा एका बाईंना पोरीनं दाबलंच नाही. खोकायला लावलं, कळ थेट पायात. उताणं झोपवून पाय सरळ उचलला. चाळीस अंशांवर त्यांनी तिचा हात धरला. मग, ‘मावशी, पायाचा अंगठा वर ओढून धरा, मी खाली दाबते.’ अंगठा लगेच पडला. कमरेतल्या पाचव्या नसेच्या मुळाचं काम. त्यानंतरचा ट्रॅक्टरवाला बसलं की बेजार, चाललं की बरा. खोकल्यानं काही नाही, पायाचा अंगठा दणकट. त्याला कुल्ल्याला ताण द्यायचा व्यायाम शिकवला आणि मागच्या खिशातलं पाकीट काढायला लावलं.

समर्थ रामदासांचं गाव, कंबर धरली की कुणीतरी सूर्यनमस्कार सांगतंच. निरोगी कमरेला ते उत्तमच, पण चकती ताजी सरकलेली असताना पुढं वाकणं नको. एमआरआयमधला ‘गॅप’ दाखवून घाबरवणाऱ्यांचा मला संताप येतो. काहीही न दुखणाऱ्या चाळिशीतल्या निम्म्या लोकांत चकती फुगलेली दिसते.

चकतीची बहुतेक दुखणी सहा ते बारा आठवड्यांत आपसूक उतरतात. त्या काळात ज्याचा हात अंगावर, त्याला गुण. माझ्या वाट्याच्या गुणात माझा किती, हे आता कळायचं नाही, आणि ते मला सलतं.

‘नस बसवून देतो’ म्हणत कंबर पिळणाऱ्यांशी मात्र माझं भांडण कायम. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, की चोळणं-पिळणं काही नको. त्याच दिवशी, रात्र असली तरी, गाडीत घालून मणक्याचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या दवाखान्यात न्यायचं.