लिहिता हात

गुलमंडीवरच्या वह्या-पेनांच्या दुकानातून गेल्या दोन वर्षांत मी किती पेने आणली, त्याचा हिशेब माझ्या घरच्यांना तोंडपाठ आहे. जाड पेन, रबरी पकडीचे पेन, शाईचे पेन. नवे पेन आठ-दहा दिवस बरे चालते. मग तिसऱ्या-चौथ्या ओळीला मनगट आत दुमडते आणि 'सीन'चे दाते एकमेकांवर चढतात. फळ्यावर खडूने लिहिताना मात्र काही होत नाही. भाकरी थापताना, सुईत दोरा ओवताना हात अगदी शहाणा! त्यामुळे काहींना वाटले, आपाला वह्या तपासायचा कंटाळा आला. खालाजान म्हणाल्या, "नजर लगी बेटा, अच्छे हाथ को," आणि पाणी दम करून दिले.

या दुखण्याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टराने १७१३ मध्ये लेखनिकांच्या आजारांवर लिहिले. त्यात एक दस्तऐवज लिहिणारा आहे. उजवा हात गेला म्हणून तो डाव्याने लिहायला शिकला, तर थोड्याच काळात डावाही तसाच झाला. आपल्या कातिबांपैकी किती जणांनी हे मुकाट्याने सोसले असेल, अल्लाह जाणे. १९९४ मध्ये संगणकावर 'इनपेज' आले आणि कातिबांचे हात सुटले. हातांबरोबर रोजीही सुटली.

बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. वळवणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या स्नायूंना तो एकाच वेळी हुकूम देतो. यावर इंजेक्शन आहे ते बोटुलिनम टॉक्सिनचे, म्हणजे नासलेल्या डबाबंद अन्नात तयार होणारे विषच, पण अत्यल्प मात्रेत. मज्जातंतूच्या टोकाशी ते मेंदूचा निरोप अडवते आणि स्नायू सैल पडतो. साधारण तीन महिन्यांनी असर ओसरतो, की पुन्हा सुई.

खर्च ऐकल्यावर माझा प्रश्न एकच होता : मला गुण येईल का?

डॉक्टरांनी उत्तर दिले नाही. डाव्या हाताने लिहायला सांगितले. उजवा हात टेबलावर नुसता पडलेला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच उजवे मनगट आपोआप आत वळू लागले. मी घाबरले, डॉक्टर मात्र खूश! लिहिताना मूळ बिघाड आणि त्याला सावरण्याची हाताची धडपड एकमेकांत मिसळून जातात. डाव्याने लिहिले की अनेकदा बिघाड तेवढा उघडा पडतो. सुई त्याच स्नायूत गेली पाहिजे. सावरणाऱ्या स्नायूत गेली तर हात आणखी लुळा. मग त्यांनी उर्दू लिहून घेतले, मराठी लिहून घेतले. उजवीकडून लिहा की डावीकडून, मनगट आतच. ज्यांचा हात असा एकाच ठरावीक दिशेला वळतो त्यांना सहसा चांगला गुण येतो. बोटे, मनगट सगळ्यालाच पीळ बसतो त्यांचे अवघड. पण 'सहसा'च्या पुढे डॉक्टर जाईनात.

२००७ मध्ये हॉलंडमधल्या डॉक्टरांनी चाळीस रुग्णांवर प्रयोग प्रसिद्ध केला. खरे औषध मिळालेल्या २० पैकी १४ जणांनी उपचार पुढे चालू ठेवायचे ठरवले. नुसती औषधाविना सुई टोचलेल्या १९ जणांतही सहा जण तसे म्हणाले! हे खालाजानना सांगितले तर त्या म्हणतील, मग माझ्या पाण्याला का हसतेस? वर्षानंतर दोन्ही गटांतले मिळून ३९ पैकी २० जण उपचार घेत होते. म्हणजे निम्मेच. माझे मनगट चांगल्या निम्म्यात बसेल असे वाटते, वाटते एवढेच.

सुई नाही लागू पडली तर? त्याचे उत्तर दवाखान्यात नाही, कोर्टात मिळाले. याच आजाराच्या विकास कुमार या उमेदवाराला यूपीएससीने परीक्षेत लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे अपंगत्व चाळीस टक्के भरत नव्हते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट चुकीची ठरवली. उमेदवाराला लेखनिक मिळतो. मास्तरणीला कोण देणार?

इंजेक्शनानंतर काही आठवडे बोटे ढिली पडू शकतात. म्हणून मी मे महिन्यातली तारीख घेतली आहे. निकालपत्रके त्याआधी पुरी करायची आहेत. शेजारच्या वर्गाच्या बाजी म्हणाल्या, तुम्ही गुण वाचा, मी लिहिते.