कोनाड्यातला तांब्या

कापसाचे दिवस आले की मोठी आत्या मला आधी वासातून आठवते. सरकीचा तो किंचित तेलकट, उबदार वास, त्यात बैलांच्या अंगाचा आणि शेकोटीतल्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास मिसळलेला. मानवतच्या बाजारात गाड्यांची रांग लागलेली असे, जिनिंगची धडधड आमच्या गल्लीपर्यंत येत असे, आणि पौषातली ती परभणीकडची हाडात शिरणारी थंडी गोधडीच्या कडेने आत येऊ बघत असे. आत्या भिंतीला टेकून वाती वळत बसायची. बोटं राखेत बुडवायची, कापूस ओढायचा, तळहातावर फिरवायचा. आणि त्या फिरण्याच्या लयीतच तिची गोष्ट सुरू व्हायची.

गोष्ट बहुतेक वेळा एकच असायची, मनूबाबाची. साने गुरुजींचं ते पुस्तक वाचनालयातून कितीदा घरी आलं आणि परत गेलं, याचा हिशोब नाही. निजामाच्या राजवटीत शाळा होत्या त्या बहुतेक उर्दूच्या, आणि आत्या तर त्याही शाळेची पायरी चढली नव्हती. पोथीच्या ओळीवर बोट ठेवून ठेवून मराठी अक्षरं तिने घरीच ओळखीची करून घेतली होती. त्यामुळे ती वाचायची हळू आणि सांगायची भरभरून. चोरीचा खोटा आळ येऊन गावाबाहेर पडलेला विणकर, परक्या गावात एकटा माग चालवणारा, रात्री दार लावून मोहरा मोजणारा. मोहरा दाखवायला ती सुपातली सरकी मुठीने ओतायची आणि दिव्याच्या उजेडात आम्हाला ते खरोखर सोनं वाटायचं. मग चोरी. मग ती थंडीची रात्र, उघडं दार, आणि चुलीपुढे झोपलेलं सोनेरी केसांचं लेकरू. विणकर वाकून हात लावतो, त्याला वाटतं गेलेलं सोनं परत आलं, आणि बोटांना लागतात मऊ मऊ कुरळे केस. इथे आत्या वळलेली वात आमच्या गालावरून फिरवायची. अजून लिहिताना गाल शहारतो.

ही गोष्ट मुळात फार लांबून आलेली, हे मला परभणीला कॉलेजात गेल्यावर कळलं. जॉर्ज इलियट हे नाव घेऊन लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्स या बाईने १८६१ साली ‘सायलस मार्नर’ प्रसिद्ध केली, तीच गुरुजींनी मराठीत आपलीशी केली. या बाईबद्दल मला फार माया वाटते. लहानपणी कडक धार्मिक असलेली ही मुलगी पुढे चर्चपासून दुरावली. येशूचं चरित्र तपासून पाहणारा स्ट्राउसचा जर्मन ग्रंथ तिने १८४६ मध्ये इंग्रजीत आणला, फॉयरबाखचा १८५४ मध्ये. श्रद्धा गेली, पण दृष्टान्त सांगणारी वाणी गेली नाही. तिच्या गोष्टीत डॉली नावाची शेजारीण केकवर चर्चमधली अक्षरं ठसवते, तिला ती वाचता येत नाहीत, पण चांगल्या जागची अक्षरं म्हणजे चांगलीच असणार, एवढं तिला पुरतं. ते वाचताना मला आत्याचं पोथीवरचं बोट दिसलं. मला वाटतं, म्हणूनच ती गोष्ट इतक्या सहज गोदावरीच्या खोऱ्यात येऊन बसली. चर्च तिकडेच राहिलं, उघडं दार तेवढं इकडे आलं.

आणि दार तर आत्याचं फारच जिव्हाळ्याचं. दिवेलागणीला ते लावायचं नाही, लक्ष्मी येते, असा तिचा दंडक. पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी उपोषण केलं, हे तिला पाठ होतं. गुरुजींनी विठोबाचं दार उघडलं, असंच ती म्हणायची, आणि मग विणकराच्या दाराकडे वळायची, जणू एकाच वाड्याची ती दोन दारं. बंद दारांआडच्या बायकांची गोष्टही मराठीत होतीच. मराठीतली पहिली कादंबरी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ साली आली ती ख्रिस्ती धर्माच्या ओढीने आणि विधवांच्या दुःखासाठी. आत्या स्वतः बालविधवा. ते पुस्तक तिच्या हाती कधी आलं नाही याची मला हळहळ वाटते.

इंग्रजी पुस्तक मी वाचलं तेव्हा आत्या जाऊन दोन वर्षं झाली होती. पुस्तकात बर्फ पडत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे जिनिंगच्या आवारात भुरभुरणारा कापूस. विणकर मागावर जनाबाईच्या ओव्या म्हणत नव्हता. आत्याच्या गोष्टीत गुरुजींचं किती आणि तिचं स्वतःचं किती, हे पाहायला मी ‘मनूबाबा’ पुन्हा उघडलेलं नाही, उघडणारही नाही. तो सांधा मला उसवायचा नाही.

पण एका जागी मी थांबलोच. सायलसपाशी पाणी आणायचं एक तपकिरी मातीचं भांडं असतं, बारा वर्षांचा सोबती. एक दिवस तो ठेचकाळतो, भांडं दगडावर आपटतं, तीन तुकडे होतात. तो ते घरी आणतो, जुळवतो आणि नेहमीच्या जागी ठेवून देतो. मूळ पुस्तकात हे जेमतेम एका परिच्छेदात येतं. आत्याची मात्र त्यावर एक अख्खी संध्याकाळ जायची. तुकडे कसे जुळवले, कोणता कपचा सापडला नाही, रिकाम्या भांड्याकडे तो कसा बघायचा. आम्ही कंटाळायचो. चोर कधी येणार, म्हणून तिचा पदर ओढायचो.

तिच्या खोलीतल्या कोनाड्यात एक तांब्या होता. सासर सुटलं त्या रात्री तिने तेवढाच बरोबर आणलेला. बुडाला चीर गेलेली, कधीतरी डाख दिलेला, तरी पाणी धरत नसे. ती तो रोज चिंचेने घासायची, पालथा घालून सुकवायची आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायची. गळका तांब्या घासायचा कशाला, असं आम्ही कोणी तिला विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी मानवत रोडला उतरलो आणि टांग्याने थेट घरी गेलो. तिच्या माघारी जुनी भांडी मोडीत घातली होती, त्यात तो गेला होता. कोनाडा दिव्याच्या काजळीने काळा झालेला होता आणि त्याच्या बुडाशी, तांब्या ठेवायची त्या जागी, तेवढं एक गोल पांढरं राहिलं होतं.