जटायू का लढला?

संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला बीड जिल्ह्यात पगाराबाहेरची एक नोकरी असते. श्रावण लागला, गावोगावचे सप्ताह सुरू झाले की लोक रस्त्यात गाठून विचारतात, ‘सर, भीष्मानं तसं का केलं? कैकेयीच्या मनात नेमकं काय होतं?’ काय घडले हे कोणी विचारत नाही, ते आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असते. भांडण असते ते ‘का’वरून. आणि या ‘का’चे उत्तर देताना बुवा, प्राध्यापक, कादंबरीकार, मालिकावाले असे सगळेच आपल्या पदरचे घालतात. पदरचे घालायला माझी हरकत नाही. ते वाल्मीकींच्या किंवा व्यासांच्या नावावर खपवायला मात्र आहे.

मयसभेचेच घ्या. दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणून हसते आणि तिथे युद्धाची ठिणगी पडते. हे आपल्याकडे इतके पक्के बसले आहे की बायकांनी जीभ आवरावी हा उपदेश त्यावरच उभा असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी आणि सभापर्व पाहावे. ते वाक्य तिथे नाही. निवेदक प्रसंग सांगतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदीच्या हसण्याचा उल्लेख येतो तो नंतर, दुर्योधन धृतराष्ट्रापुढे गाऱ्हाणे मांडतो तेव्हा आणि त्याच्याच तोंडून. अपमान झालेला माणूस घटना पुन्हा सांगू लागला की हसणारे वाढतात, आणि जे हसणे सर्वांत जास्त झोंबेल ते त्याला हमखास ऐकू आलेले असते. व्यासांनी हे कुठेही बोलून दाखवलेले नाही; दोन प्रसंग थोड्या अंतरावर ठेवून दिले आहेत, बस. हेतू शोधायचा तो असा. आधी पाहायचे, की कारण कोण सांगतो आहे आणि कोणापुढे.

आता घरचे उदाहरण. बीड शहराच्या मधोमध जटाशंकराचे देऊळ आहे. रावणाने पंख छाटल्यावर जटायू इथे पडला, अशी बीडकरांची श्रद्धा. देऊळ यादवकाळातले असावे असे अभ्यासक मानतात. नाशिक जिल्ह्यातले टाकेद, आंध्रातले लेपाक्षी, केरळातले चडयमंगलम ही गावेही हाच मान सांगतात. पक्षी नेमका कुठे पडला या वादात मी पडत नाही. तो लढायला का उठला, हे मात्र अरण्यकांडात नीट वाचता येते आणि फार थोडे लोक वाचतात.

कीर्तनातला जटायू भोळा असतो. लढाईच्या मध्ये दोघे एकमेकांना विचारतात, तुझा मृत्यू कशात आहे? जटायू खरे सांगतो, माझ्या पंखांत. रावण खोटे सांगतो, माझ्या पायाच्या अंगठ्यात. पक्षी अंगठ्याकडे झेपावतो आणि पंख गमावतो. मंडपातल्या बाया हळहळतात, आणि हळहळावे असेच ते आख्यान आहे. पण वाल्मीकींत ते नाही. तिथला जटायू म्हातारा, तोंडाने फटकळ आणि हिशेबाचा पक्का आहे. तो रावणाला आधी राजधर्म सुनावतो. मग स्वतःच म्हणतो, माझी साठ हजार वर्षे झाली, तू तरुण आहेस, तुझ्याकडे धनुष्य, रथ, कवच आहे, तरी तुला हिला घेऊन सुखाने जाऊ देणार नाही. निकाल काय लागणार हे माहीत असलेल्याचे हे बोलणे आहे.

त्याहून चमत्कारिक गोष्ट याच्या आधीच्या सर्गात आहे. झाडावर जटायू दिसताच सीता त्याला हाक मारते. पण ‘मला सोडव’ म्हणत नाही. ती म्हणते, हा तुला आवरणार नाही, हा बलवान आहे, सशस्त्र आहे; तू फक्त राम-लक्ष्मणांना सगळे सांग. वर्गात हे वाचले की कोणीतरी विचारतेच, ‘मग तो ऐकत का नाही?’ प्रश्न बिनतोड आहे. जिला वाचवायचे तीच लढू नको म्हणते आहे.

इथे आजच्या वाचकाला एक मोह होतो. पंचवटीच्या वाटेवर पहिल्या भेटीतच जटायूने शब्द दिलेला असतो, की तुम्ही दोघे बाहेर गेलात तर सीतेला मी सांभाळीन. आणि वाल्मीकी सांगतात, सीताहरणाच्या वेळी तो झोपला होता. राखणदारच झोपलेला! मग अपराधाच्या भावनेने तो मरायला धावला, असे म्हणायला कितीसा वेळ लागतो? नाटकाला हा हेतू झकास आहे. पण मूळ काव्यात जटायूच्या तोंडी पश्चात्तापाचा एक शब्दही नाही, म्हणून मी तो स्वीकारत नाही.

तो स्वतः कारण सांगतो. मला प्राण देऊनही रामाचे प्रिय केले पाहिजे आणि दशरथाचेही, असे तो रावणाला बजावतो. दशरथ तेव्हा हयातही नाही. मेलेल्या मित्राच्या सुनेला कोणी ओढून नेत असताना झाडावर बसून पाहायचे आणि मग मुलाला निरोप द्यायचा, हे त्याला जमणारे नव्हते. माझ्या मते हेतू एवढाच, आणि तो पुरेसा आहे. सीतेचा निरोपही त्याने टाकला नाही. रथ मोडला, सारथी मारला, पंख आणि पाय तुटले, तरी राम येईपर्यंत जीव धरून राहिला आणि कोणी नेली ते सांगूनच गेला.

आणि राम येतो तेव्हा काय होते? रक्ताने माखलेला पक्षी पाहून तो लक्ष्मणाला म्हणतो, यानेच सीतेला खाल्ले, आणि धनुष्याला बाण लावतो. पहिल्या भेटीतही या दोघा भावांना तो राक्षसच वाटला होता. प्रत्यक्ष रामाने समोरच्या खुणांवरून हेतू ताडला आणि तो साफ चुकला. बाण सुटला नाही, कारण पक्षी बोलला. मीमांसक म्हणतात, ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना उपक्रम आणि उपसंहार जुळवून पाहा. इथे ते चोख जुळतात. पहिल्या भेटीत जटायू ‘मी तुझ्या वडिलांचा मित्र’ अशी ओळख देतो. शेवटी राम म्हणतो, दशरथ मला जसे पूज्य तसाच हा. मग चिता, पिंड, गोदावरीवर उदक. वडिलांच्या चितेपाशी राम नव्हता, तो वनात होता. ती राहिलेली क्रिया तो इथे करतो आहे असे मला वाटते. हा मात्र माझा तर्क. वाल्मीकी तसे म्हणत नाहीत.

ग्रंथच नसेल तिथे काय करायचे? अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातून आली, परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. गावाजवळच्या लेण्यात दगडी हत्ती उभे आहेत. लोक त्याला हत्तीखाना म्हणतात, जोगाईचा मांडवही म्हणतात. देवीला उशीर झाला की तिने केला? परळी तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. काही बायका ठामपणे सांगतात, तिला लग्नच नको होते. ही कथा तोंडोतोंडी चालत आलेली, पडताळायला पोथी नाही, तेव्हा दोन्ही उत्तरे चालतात. फक्त ती सांगणाऱ्याची म्हणून ऐकावीत. कथेचा हेतू मात्र मला दिसतो. कोकणस्थांची कुलदेवता सह्याद्री ओलांडून इतक्या लांब मराठवाड्यात कशी, आणि हे हत्ती इथे कोणी उभे केले, या दोन्ही प्रश्नांची ती एका दमात सोय लावते.

इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ एकाच साली, १९६७ मध्ये आली. पहिल्यात महाभारताच्या संहितेला धरून केलेला विचार आहे, दुसरी कादंबरी आहे आणि कादंबरी म्हणूनच आली. पण ‘मृत्युंजय’मधल्या कर्णाची मनोगते व्यासांची म्हणून सांगणारे वक्ते मी व्यासपीठावर पाहिले आहेत. दोष सावंतांचा नाही.

अरण्यकांडाचे चौदा, एकोणपन्नास ते एकावन्न, सदुसष्ट आणि अडुसष्ट हे सर्ग मराठी भाषांतरातही तासाभरात वाचून होतात. पुढच्या सप्ताहाआधी तेवढे वाचा. मग बुवा जटायूच्या मनातले सांगू लागले की कीर्तन संपल्यावर, पाया पडून, एवढेच विचारा: महाराज, हे कोणी सांगितलंय, जटायूनं की तुम्ही?