मुकी जोडी

एका जुन्या कार्यालयीन इमारतीतील दूरध्वनीच्या तारा सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तळमजल्यावरील वितरणफळी मला निव्वळ रंगीत गुंता वाटली. निवृत्तीला आलेल्या तंत्रज्ञकाकांनी तिच्यातील शिस्त दाखवली. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच मुख्य रंग. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा हे त्यांचे पाच सोबती. पाचांची पाचांशी गाठ पडली, की पंचवीस जोड्या होतात आणि प्रत्येकीला स्वतःची ओळख मिळते. जोडीतील तारांना परस्परांभोवती पीळ असतो. शेजारचे बोलणे आपल्यात मिसळू नये, म्हणून.

रिसीव्हर जागेवर असताना जोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. तो उचलताच दाब बराच खाली येतो. "जोडी मुकी आहे म्हणून निकामी समजू नकोस. आधी मीटर लाव," काका बजावीत.

नोंदवहीत नाव नसलेली अशीच एक जोडी छाटून टाकण्याचे ठरले होते. मीटरने दाब दाखवला. मजल्यामागून मजला धुंडाळत गेलो, तर ती लिफ्टमधील आपत्कालीन फोनपाशी पोहोचली. तिच्यावर क्वचितच कोणी बोलले असेल. परंतु इमारतीची वीज गेली, तरी एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर तीच जागी राहणार होती.

पुढील महिनाभर काका सांगत गेले आणि मी प्रत्येक जोडीला चिठ्ठी लावत गेलो. एकाच माणसाच्या स्मरणात राहिलेले ज्ञान त्याच्याबरोबरच निवृत्त होते. नोंदीत उतरलेले मात्र सेवेत राहते.