डोलारा तलावाची दोरी

शाळेच्या सहलींविषयी या स्मरणिकेत काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा अनेक स्थळे डोळ्यांपुढे उभी राहिली. टेकड्यांच्या कुशीत विसावलेला घोडाझरीचा जलाशय, ताडोब्याचे घनदाट अरण्य, ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर. परंतु माजी विद्यार्थी भेटले की त्यांपैकी कशाचीच चौकशी करीत नाहीत. ते विचारतात, “सर, ती दोरी अजून आहे का?”

म्हणून त्या दोरीविषयीच लिहितो.

ते साल २००८. डिसेंबरची कडाक्याची थंडी. इयत्ता नववीचे विद्यार्थी घेऊन आम्ही पहाटेच एस.टी.ने भद्रावतीस निघालो. जुन्या ग्रंथांतून हे गाव भांदक या नावाने भेटते. प्रथम विजासन टेकडीवरील लेणी पाहिली. मुख्य दालन म्हणजे डोंगराच्या पोटात सरळ सुमारे ७० फूट शिरणारी अरुंद वाट आणि तिच्या शेवटी आसनस्थ तथागतांची भव्य मूर्ती. मुखाजवळून डावीउजवीकडे आणखी दोन वाटा फुटतात आणि त्यांच्याही शेवटी गर्भगृहे आहेत. मुलांनी विजेऱ्या मालवून त्या काळोखात त्रिशरण-पंचशील म्हटले. बाहेर आल्यावर कोणी बराच वेळ मोठ्याने बोलले नाही. नववीच्या वर्गाच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

तेथून डोलारा तलावावर गेलो. या तलावात एक बेट आहे आणि काठापासून त्या बेटापर्यंत प्राचीन दगडी पूल आहे. त्याला कमान नाही. पाण्यात दोन रांगांनी जाडजूड खांब रोवलेले, त्यांवर लांबच लांब शिळा तुळयांसारख्या आडव्या टाकलेल्या, तोच रस्ता. पुरातत्त्व खात्याचे आद्य अधिकारी अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या आपल्या अहवालात भांदकच्या अवशेषांची दखल घेतली आहे. पुलाची लांबी सुमारे १३५ फूट आणि रुंदी ७ फूट असल्याचे आम्ही वाचले होते. छापलेले आहे म्हणून खरे मानू नये, स्वतः पडताळून पाहावे, हे तर कालामसुत्तच सांगते. म्हणून आम्ही काथ्याची वीस हात दोरी सोबत नेली होती. हाताहाताला एक गाठ मारलेली. मुले पूल मोजू लागली. कोणी खांब मोजत होते, कोणी वहीत आराखडा काढत होते. पाण्यावर कमळाची पाने पसरली होती, त्यांवरून लांब बोटांचा कमळपक्षी डौलात चालत होता आणि पलीकडे पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसले होते. मोजणी नव्वद हात भरली. पुस्तक खरे निघाले आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या.

त्या टाळ्यांच्या गडबडीत दोरी पाण्यात पडली. ती आणायला एक मुलगा काठावरून उतरला. गुडघाभर वाटलेले पाणी दुसऱ्याच पावलाला छातीशी आले. पाय गाळात रुतले, वेलींत अडकले आणि पाहता पाहता डोके दिसेनासे झाले. आम्ही शिक्षक तिघे, विद्यार्थी चाळीसच्या वर. पोहता येणारा त्यांत एकही नाही! आम्ही नुसते ओरडत राहिलो. शिंगाड्याच्या वेलींतून डोंगा हाकणाऱ्या एका ढिवर बांधवाने बांबू पुढे करून त्याला वर ओढले. पोरगा खोकत, थरथरत बाहेर आला. दोरी मुठीत तशीच. आम्ही हात जोडले. त्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “एवढे शिकले-सवरले लोक तुम्ही, अन् पाण्यात हात मारता येत नाही?”

प्रश्नात कुचेष्टा नव्हती. म्हणूनच तो अधिक लागला.

परतीच्या प्रवासात आम्हांला आजीच्या गावचा तलाव आठवत राहिला. त्याला दोन घाट होते. वरचा गावाचा आणि खालचा, सांडव्याकडचा, आमच्या वस्तीचा. गावची पोरे वरच्या घाटावरून धडाधड उड्या मारीत. आमच्या वस्तीतली पोरे लांबून पाहत. आजी आम्हांला पाण्याची भीती घाली. ती भीती बुडण्याची होती की मारहाणीची, हे तिलाही वेगळे करून सांगता आले नसते. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. तरी त्या पाण्याची ओंजळ भरण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी सहस्रावधी अनुयायांसह चालत जावे लागले आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १९३७ साल उजाडले. हा धडा आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवीत होतो. तळ्यात उतरण्याचा हक्क मिळाला होता. उतरायची सवय मात्र मागेच राहिली होती.

मार्चमधील पालकसभेत आम्ही पोहण्याच्या वर्गाचा विषय मांडला. शाळेजवळच मोठा तलाव आहे. आपल्या झाडीच्या मुलखात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने असे असंख्य तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’, म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. (कोणाचे मामा, हा प्रश्न दरवर्षी एक तरी विद्यार्थी विचारतोच.) वडीलमंडळी गप्प राहिली. एक माता मात्र उभी राहून म्हणाली, “सर, माझी पोरगी बुडाली तर तुमचा इतिहास काय कामाचा?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आजही नाही.

शिकविण्याचे मान्य केलेले गावातील वयोवृद्ध ढिवर गृहस्थ दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, “बाई, आधी मास्तर लोक उतरतील. ते जगले तर पोट्टे.” सभा हसली आणि ठराव मंजूर झाला.

एप्रिलमध्ये पाणी कंबरेइतके उरले, तेव्हा पाठीला रिकामे डबे बांधून आम्ही तिघे शिक्षक उतरलो. मुले पाळीवर ओळीने बसली होती. त्या दिवशी आमच्या प्रतिष्ठेचे जे झाले, त्याचे सविस्तर वर्णन माजी विद्यार्थी आनंदाने करतील. येथे जागा कमी आहे. आमचे गुरू एवढेच म्हणत, “पाण्याशी भांडू नका. अंग सैल सोडा.” मुले आठवड्याभरात तरंगू लागली. आम्हांला महिना लागला.

तलावाच्या मध्यभागी मोहाच्या दोन झाडांचे एक टेकाड आहे. उन्हाळ्यात तेथवर जवळजवळ चालतच जाता येते. पावसाळ्यानंतर त्याचे बेट होते. ऑक्टोबरात तलाव तुडुंब भरला असता बेटापर्यंत पोहण्याचे ठरले. गुरुजींचा डोंगा सोबत होता. सर्वांत आधी पोहोचली ती त्याच मातेची मुलगी. तिची आई पाळीवर उभी होती, दोन्ही हातांत टॉवेल घट्ट धरून. मोहाच्या खोडाला टेकून मुलगी काहीतरी ओरडली. नेमके तेव्हाच अडई बदकांचा थवा शिट्ट्या घालीत उठला आणि तिचे शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत. काय ओरडलीस, असे आम्ही नंतर विचारले. ती नुसती हसली.

वर्ग अद्याप चालू आहे. आमचे गुरू आता थकले. त्यांचा नातू शिकवितो. आम्ही स्वतः मात्र आजही निम्म्या अंतरावरून डोंग्याला धरूनच परततो.

आणि दोरी आहे. इतिहासाच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी. दरवर्षी ती भद्रावतीला जाते आणि मोजणी संपेपर्यंत एका मुलाच्या मनगटाला बांधलेली असते. यंदाच्या नववीने मोजला, तेव्हा पूल ब्याण्णव हात भरला. दोरी आटली की पूल वाढला, यावर चंद्रपूर येईपर्यंत बसमध्ये वाद चालला होता.