मुंबई ते नागपूर : आकाशमार्गानें व लोहमार्गानें

आमच्यासारख्या कुटुंबांचें एक बिऱ्हाड मुंबईस तर दुसरें नागपुरास असतें. तेव्हां या दोन शहरांमधील अंतर हा घरांतला नित्याचा विषय. आकाशमार्गानें तें सुमारें 685 किलोमीटर. विमान तें दीड तासांत आक्रमितें. लोहमार्ग 837 किलोमीटरांचा, आणि गाडीस अकरा ते चौदा तास लागतात. मात्र घराच्या उंबरठ्यापासून मोजूं गेल्यास विमानाच्या दीड तासाचे चार-पांच तास सहज होतात, हें तिकीट काढतांना कोण सांगतो? तरीहि तिकडे वडील माणसाची प्रकृति बिघडल्याची वार्ता आली असतां विमानानेंच जावें; तेथें घटकेचेंही मोल मोठें.

एरवीं मुलांस एकदां तरी दिवसाच्या गाडीनें न्यावें. कसाऱ्यापुढें थळ घाटाच्या चढणीवर मागून जादा एंजिनें गाडीस रेटा देतात. मग इगतपुरीची गार हवा, जळगांवाकडील केळीच्या बागा, अकोल्याकडे कपाशीची काळीभोर जमीन. विदर्भाचें दूरत्व मुंबईकरास त्या खिडकींतच उमगतें : भुसावळ आलें म्हणून सामान आवरूं लागावें, तों अजून जवळजवळ अर्धी वाट शिल्लक!