मुक्कामाचा दुसरा दिवस

सकाळी साडेसहाला फ्रेंच मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली, माझ्या टाचेकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. फोड रात्रीत फुटला होता. सांत्यागोच्या यात्रेत सेव्हिलपासून सालामांकापर्यंतचे जवळजवळ ५०० किलोमीटर आम्ही मागेपुढे चाललो होतो. ते, एक डॅनिश नर्स आणि मी. त्यांना इंग्रजी येत नाही, मला फ्रेंच येत नाही. आमचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधलं, तेही बहुतेक संध्याकाळी टोमॅटो चिरताना. ‘आस्ता लुएगो,’ म्हणाले, म्हणजे येतो, भेटू पुढे. पुढे भेट होणं कठीण हे दोघांनाही कळत होतं. या वाटेवर जो एक दिवस थांबला तो कायमचा एक दिवस मागे राहिला, कारण पुढचेही रोज चालतच असतात.

आपल्या वारीत असं होत नाही. मी पुण्याची. माउलींच्या आणि तुकोबांच्या पालख्या गावात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. कोणी चपला शिवून देतो, कोणी दाढी करून देतो, कोणी तेल लावून पाय चेपून देतो. तिथे पालखी थांबते, म्हणून सगळेच थांबतात आणि सगळेच निघतात. सांत्यागोच्या वाटेला पालखीच नाही. ज्याचा पाय दुखेल त्याने थांबावं. त्यातून यात्रेकरूंच्या धर्मशाळेत धडधाकट माणसाला एकच रात्र मिळते. माझा फोड आजारात मोडत नव्हता. आठ वाजता पाठीवर सॅक आणि पायात सपाता अशा थाटात मी तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली, स्वस्त खोली शोधून काढली. विश्रांतीचा दिवस असा जिने चढून सुरू झाला.

गाव मात्र डोळ्यांना विसावा देणारं. सगळं एकाच दगडाचं, जवळच्या वियामायोरच्या खाणीतल्या वालुकाश्माचं. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, छिन्नी लोण्यात फिरावी तशी फिरते. वाळला की कडक होतो, आणि अंगातल्या लोहामुळे वर्षं सरतात तशी त्याच्यावर सोन्याची झाक चढते. उन्हाच्या तिरिपेत आख्खी गल्ली हळद लागल्यासारखी दिसते.

विद्यापीठ १२१८ सालचं, लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने स्थापलेलं. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडाची जी जाळीदार कारागिरी आहे ती पाहायला मी गेले आणि गर्दीत सापडले. भिंतीवर कुठेतरी एका कवटीवर बसलेला बेडूक आहे; कोणाच्या मदतीशिवाय जो विद्यार्थी तो शोधील तो पास, अशी समजूत. मला बेडूक शोधावाच लागला नाही. वीस बोटं एकाच दिशेला रोखलेली होती. एवढी राजाराणीची, ढालींची, वेलबुट्टीची भिंत, आणि लोक बेडूक बघून निघून जातात. कॅथीड्रलच्या दारावर तर १९९२च्या डागडुजीत कोरलेला एक अंतराळवीरही आहे. तिथेही तीच बोटं. या विद्यापीठाबद्दल एक जुनं लॅटिन वचन आहे: निसर्गाने जे दिलं नाही ते सालामांका देत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे लॅटिनमध्येही सांगून ठेवलेलं पाहून बरं वाटलं.

आत फ्राय लुईस दे लेओन यांचा वर्ग जपून ठेवला आहे. बाकं म्हणजे लाकडाचे ओबडधोबड तासलेले ओंडके, शतकानुशतकं विद्यार्थ्यांनी कोरून ठेवलेले. माझी टाच ठणकत होती, समोर बसायला इतकी जागा, आणि मध्ये दोरी. ‘गीतरत्न’ हा बायबलमधला भाग लोकांच्या बोलीत आणला, हा या कवी-प्राध्यापकाचा एक गुन्हा. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५७२ साली त्यांना पकडलं आणि वायादोलिदच्या तुरुंगात जवळजवळ पाच वर्षं ठेवलं. सुटून आले ते याच विद्यापीठात. पहिल्या तासाला त्यांनी ‘काल आपण कुठे होतो’ अशा थाटात सुरुवात केली, असं सांगतात. आख्यायिकाच असावी. पण त्या दोरीशी एका पायावर उभी राहून मी तिच्यावर विश्वास ठेवला. पाच वर्षांना ‘काल’ म्हणता येत असेल, तर माझ्या एका दिवसाचं एवढं काय?

मी खरी शोधत होते ती दुसऱ्याच एका विद्यार्थ्याची खूण. गार्सिया दा ओर्ता. पोर्तुगालमधला, बाटवलेल्या ज्यू घराण्यातला हा मुलगा इथे आणि आल्कालाला शिकला, वैद्य झाला, १५३४ साली गोव्याला आला आणि तिथलाच झाला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं, हे मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात आपला आंबा आहे, फणस आहे, हिंग आहे, भांग आहे. ज्या जीवघेण्या पटकीला पोर्तुगीज ‘मोर्देशी’ म्हणत तीही आहे. तो शब्द आपल्या मोडशीवरूनच गेलेला. आणि हा सगळा ग्रंथ संवादात आहे. रुआनो नावाचा एक वैद्य गोव्याला ओर्ताच्या घरी येतो, विचारतो, वाद घालतो, आणि ओर्ता उत्तरं देतो. रुआनो कोण? सालामांका-आल्कालाचा जुना मित्र. प्रत्यक्षात असा कोणी नव्हता, तो ओर्ताने रचलेला. कल्पित माणूस कुठलाही घेता आला असता. तीस वर्षं गोव्यात काढल्यावरही बोलायला माणूस हवा झाला तेव्हा त्याने तो या गल्ल्यांतून नेला, असं मला वाटतं. ओर्ता गेल्यावर बारा वर्षांनी, १५८० साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. दुपारभर गल्ल्यांतून हिंडले, त्याच्या नावाची पाटी काही मला दिसली नाही.

वाटेत शिंपल्यांचं घर लागलं. भिंतीवर तीनशेहून जास्त दगडी शिंपले. शिंपला ही आम्हा यात्रेकरूंची खूण, माझ्या सॅकवर एकच लटकत होता. आता तिथे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या चौकात मी पहिल्यांदा, दोरीविना, बसले.

संध्याकाळी प्लासा मायोर, १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला मोठा चौक. इथली माणसं एकमेकांना ‘घड्याळाखाली भेटू’ म्हणतात. घड्याळाखाली पोरं-पोरी थांबलेल्या, कोणीतरी येतं, मिठी मारतं, जोडी निघून जाते. मी ओर्नासो खात बसले होते, डुकराचं मांस आणि अंडी भरलेली इथली भाकरी. भाकरी संपली तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ मी मनातल्या मनात मास्तरांना ओर्ताची गोष्ट सांगत होते. स्पॅनिशही चांगलं जमत होतं. ते मध्येच विचारत होते, मी उत्तरं देत होते.

दुसऱ्या दिवशी अंधारात निघाले. चौक पाण्याने धुवून काढला होता, घड्याळाखाली कोणी नव्हतं. पुढचा मुक्काम काल्सादा दे वाल्दुन्सिएल, साधारण १५ किलोमीटर, सपाट रान. टाच बरी होती. तिथल्या धर्मशाळेच्या टेबलावर यात्रेकरूंची वही उघडी पडली होती. आदल्या दिवसाच्या तारखेखाली मास्तरांची तिरकी सही होती, तिच्याखाली नर्सची. मी तारीख घातली आणि खाली माझी केली.